अज्ञान वारसाची मिळकत : पेशवाईच्या उत्तरार्धापासून १९५६ पर्यंत

एकोणिसाव्या शतकापूर्वी पश्चिम हिंदुस्थानात बहुतेक माणसे मृत्युपत्र न करताच मरत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. हिंदू धर्मशास्त्राने वारसांचा क्रम, वाटणी, स्त्रीधन आणि दत्तक यांचा बारकाईने विचार केला असला, तरी मरणानंतर अमलात यावयाच्या लेखी व्यवस्थेला, म्हणजे आज ज्याला मृत्युपत्र म्हणतात त्याला, त्यात स्वतंत्र स्थान नव्हते. महाराष्ट्रात प्रमाण मानल्या गेलेल्या मिताक्षरेच्या चौकटीत त्याची गरजही फारशी भासत नसे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी येथील राजसभेत विज्ञानेश्वराने लिहिलेल्या या टीकेप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क त्याच्या जन्माबरोबरच उत्पन्न होतो. बाप मेल्यामुळे मुलाला काही नव्याने मिळत नाही, तर त्याचेच असलेले त्याच्याकडे राहते. त्यामुळे वारस कोण, हा प्रश्न सहसा अवघड नसे. अवघड असे ते पुढचे. चार वर्षांचे पोर शेत कसू शकत नाही, सारा भरू शकत नाही, सावकाराचा हिशेब तपासू शकत नाही आणि भाऊबंदांशी भांडूही शकत नाही. बापाच्या मरणापासून मुलगा जाणता होईपर्यंतची दहा-पंधरा वर्षे मिळकत दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती असते. पोरक्या मुलांच्या जमिनी गेल्या त्या बहुधा याच मधल्या काळात, आणि त्यांच्या संरक्षणाचा कायदा घडला तोही या काळाभोवतीच.

हा धोका प्राचीन शास्त्रकारांनी ओळखला होता. मनुस्मृतीने बालकाच्या वारशाचे रक्षण हे राजाचे कर्तव्य मानले, आणि मुलगा गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा त्याचे बालपण सरेपर्यंत ती जबाबदारी राजावर टाकली. कौटिल्याने तीच जबाबदारी गावातील वृद्धांकडे दिली आणि बालकाचे द्रव्य त्यांनी केवळ जपून न ठेवता वाढवावे, अशी अपेक्षा केली. व्यवहार करण्यास योग्य होण्याचे वय साधारणपणे सोळा धरले जाई. मात्र राजा दूर असे आणि गावातले वृद्ध बहुधा त्याच भावकीतले असत. एकत्र कुटुंबात बाप गेला की कारभार चुलत्याकडे जाई, आणि मूल दगावले तर त्याच्या हिश्श्याचा लाभही त्या चुलत्यालाच होई. ज्याने राखायचे त्याचेच हित मूल न उरण्यात असावे, ही या व्यवस्थेतली मूळ गोम होती, आणि पुढे झालेल्या प्रत्येक कायद्याला तिच्याशी या ना त्या रूपाने झगडावे लागले.

मराठी राज्यात पाटीलकी, कुलकर्ण किंवा देशमुखी यांसारखे वतन अज्ञान मुलाकडे आले, म्हणजे वयात न आलेल्या मुलाकडे आले, तर त्याच्या नावाने मुतालिक किंवा गुमास्ता काम पाही. वाद उपस्थित झाल्यास गोतसभा बसे, आणि तिने केलेल्या निर्णयाचा महजर, म्हणजे साक्षीदारांच्या निशाण्यांसह तयार केलेला निवाडापत्राचा कागद, वतनाचा आधार ठरे. या व्यवस्थेचे बळ असे की, गावातल्या सर्वांना मूल कोणाचे आणि जमीन कोणाची हे ठाऊक असे. तिची उणीव अशी की, गोतातली वजनदार घरेच एका बाजूला झुकली, तर दाद मागायला फारशी जागा उरत नसे.

राज्याच्या शिखरावर हीच गोष्ट केवढे रूप घेऊ शकते, हे १७७३ मध्ये दिसले. ३० ऑगस्ट रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला, तेव्हा त्याची पत्नी गंगाबाई गरोदर होती, आणि पेशवाईवर हक्क सांगणारा जवळचा पुरुष नातेवाईक होता तो मृताचा चुलता रघुनाथराव. सखारामबापू, नाना फडणीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना इतिहासात बारभाई म्हणतात त्यांनी, गंगाबाईला पुरंदरावर हलवले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिथे सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि जेमतेम महिन्या-सव्वा महिन्याच्या या मुलासाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणली गेली. रघुनाथरावाने इंग्रजांचा आश्रय घेतला, १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह केला, आणि एका तान्ह्या मुलाच्या वारशावरून सुरू झालेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. बारभाईंनी वारसाचा हक्क राखला, यात शंका नाही. पण त्यांच्यापैकी शेवटी एकट्या नाना फडणिसाच्या हाती आलेले पालकत्व मूल मोठे झाल्यावरही सैल झाले नाही, आणि १७९५ च्या ऑक्टोबरात एकविसाव्या वर्षी वाड्यावरून पडून मरेपर्यंत पेशव्याला स्वतःचा कारभार असा मिळालाच नाही. पालकाने मिळकत गिळू नये याइतकेच त्याने ती वेळेवर सोडावी हेही महत्त्वाचे असते. त्याचा विचार कायद्यात यायला मात्र आणखी शतक जावे लागले.

कंपनी सरकारने या विषयात पहिले पाऊल टाकले ते बंगालमध्ये, आणि त्यामागे मुलांची काळजी क्वचितच होती. कायमधाऱ्याची, म्हणजे सारा कायमचा ठरवून देण्याची, पद्धत आल्यावर सारा वेळेवर भरणे हे जमीनदाराचे पहिले कर्तव्य ठरले. जमीनदारी अज्ञान मुलाकडे किंवा विधवेकडे गेली की सारा थकण्याची भीती असे. म्हणून १७९३ च्या दहाव्या रेग्युलेशनने ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’ ही व्यवस्था आणली. तिच्या अन्वये अशा जमीनदाऱ्या सरकारी देखरेखीखाली घेतल्या जात, मॅनेजर नेमला जाई, आणि अज्ञान वारसाच्या शिक्षणाचीही सोय केली जाई. ज्याच्याकडून सरकारला थेट सारा येत नसे, त्याच्या पोरांना या छत्राखाली जागा नव्हती. मुंबई इलाख्यात रयतवारी असल्याने, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जात असल्याने, अशा मोठ्या मिळकती थोड्याच होत्या. जहागीरदार, इनामदार आणि गुजरातेतील तालुकदार यांच्यापुरती ही पद्धत इथे राहिली, आणि तिचा स्वतंत्र मुंबई कायदा तर १९०५ मध्ये झाला.

मुंबईकडे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने वेगळी वाट घेतली. पेशवाई बुडाल्यावर नव्याने आलेल्या मुलखात कोणता कायदा चालतो, हे ग्रंथांतून काढण्याऐवजी लोकांनाच विचारावे, असे त्याच्या सरकारने ठरवले. त्यातून आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचा संग्रह तयार केला, आणि १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने दिवाणी दाव्यांत देशाच्या वहिवाटीला प्रतिवादीच्या धर्मशास्त्राच्या आधीचे स्थान दिले. त्याच वर्षीचे आठवे रेग्युलेशन वारसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते. माणूस मेल्यावर वारसाने जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज करावा, न्यायालयाने जाहीरनामा काढून हरकती मागवाव्यात, आणि ठरावीक मुदतीत कोणी पुढे न आल्यास त्याला वारस म्हणून मान्यतेचा दाखला द्यावा; वारस अज्ञान किंवा गैरहजर असेल, किंवा वारसाबद्दलच तंटा असेल, तर मिळकतीवर व्यवस्थापक नेमता यावा, अशी त्याची योजना होती. या दाखल्याने मालकी ठरत नसे. सावकार, कूळ आणि सरकार यांना कोणाशी व्यवहार करावा एवढेच त्यातून कळे. एवढ्यावरही हे रेग्युलेशन टिकाऊ निघाले. महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालये ‘वारस दाखला’ म्हणून जो कागद आजही देतात, त्याचे मूळ याच १८२७ च्या नियमात आहे.

१८५६ या एकाच वर्षात दोन गोष्टी अशा घडल्या की, पुढची शंभर वर्षे पोरक्या मुलांच्या मिळकतीवर त्यांची छाया राहिली. पहिली गोष्ट लंडनमध्ये घडली. गोरखपूर भागातील एका जमीनदारीची व्यवस्था पतीच्या मृत्यूनंतर अज्ञान मुलाची आई पाहत होती, आणि १८३९ मध्ये तिने हनुमानप्रसाद पांडे या सावकाराकडे मिळकतीचा काही भाग गहाण ठेवला. मुलगा वयात आल्यावर त्याने हे गहाण आपल्यावर बंधनकारक नाही म्हणून दावा लावला. आग्र्याच्या सदर दिवाणी अदालतीने वारसाच्या बाजूने निकाल दिला, आणि सावकार प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे हिंदुस्थानातील अपिलांच्या अखेरच्या न्यायासनापर्यंत गेला. लॉर्ड जस्टिस नाइट ब्रूस यांनी दिलेल्या निकालाने अदालतीचा निर्णय फिरवला आणि तत्त्व घालून दिले ते असे की, अज्ञान वारसाच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्याला ती गहाण टाकण्याचा किंवा विकण्याचा अधिकार मर्यादित असतो, गरजेपुरता किंवा मिळकतीच्या हितापुरता असतो. मिळकतीवर खरोखर आलेला दाब, टाळायचे संकट किंवा साधायचा लाभ, हे पाहायचे. पैसे देणाऱ्याने गरजेबद्दल प्रामाणिकपणे चौकशी केली असेल, तर पुढे ते पैसे प्रत्यक्षात कशावर खर्च झाले याची जबाबदारी त्याच्यावर नाही. शिवाय व्यवस्था पाहणारी व्यक्ती कायद्याने नेमलेली पालक आहे की केवळ वस्तुतः कारभार करणारी आहे, याला कौन्सिलने निर्णायक महत्त्व दिले नाही.

या निकालाची दोन तोंडे आहेत. एकीकडे, पालकाने मनमानी विक्री केली तर ती मुलाला नाकारता येते, हे सर्वोच्च पातळीवरून सांगितले गेले, आणि सावकारावर चौकशीचे ओझे आले. दुसरीकडे, विक्रीच्या आधी कोणाचीही परवानगी लागत नसल्याने मुलाचे संरक्षण सारे नंतरच्या दाव्यावर सोपवले गेले. दहा-बारा वर्षांपूर्वी आईला किंवा चुलत्याला खरोखर गरज होती काय, हे वयात आलेल्या मुलाने, ज्याच्या हाती कागद नाहीत आणि बहुधा पैसाही नाही, न्यायालयापुढे उकरून काढायचे. सावकाराचे लोक गरजेची साक्ष द्यायला नेहमीच हजर असत. ‘कायदेशीर गरज’ हा शब्दप्रयोग गहाणखतांत ठरीव मजकुरासारखा येऊ लागला: सरकारी देणे, लग्न, औषधपाणी, मयताचे दिवसवार. हा मजकूर जितका पाठ झाला तितकी त्याची किंमत उतरली, हेही न्यायालयांच्या लक्षात येत गेले.

त्याच वर्षी विधवा-पुनर्विवाहाचा कायदा झाला. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात त्याचे पहिले कलम गाजते; मुलांच्या दृष्टीने मात्र दुसरे आणि तिसरे कलम पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पतीच्या मिळकतीतील मर्यादित हक्क संपे, आणि ती मेली असती तर ज्यांना मिळाली असती त्यांच्याकडे मिळकत जाई. तिसऱ्या कलमाने असे म्हटले की, मृत पतीने मृत्युपत्राने पालक नेमलेला नसेल, तर त्याचे आईबाप, आजोबा-आजी किंवा पुरुष नातेवाईक न्यायालयाकडे मुलांचा दुसरा पालक नेमण्याची मागणी करू शकतात. त्याला जोडलेली अट बोलकी आहे: मुलांकडे स्वतःच्या पोटापुरती मिळकत नसेल, तर आईच्या संमतीशिवाय असा पालक नेमता येणार नाही, जोवर तो पालनपोषणाची आणि शिक्षणाची हमी देत नाही. कायदा करणाऱ्यांना माणसांची पारख होती, एवढे तरी म्हणावे लागते. मिळकत असलेल्या पोरक्या मुलावर हक्क सांगायला नातेवाईक येतील आणि कफल्लक मुलाला आईच सांभाळील, हे त्यांनी गृहीत धरले होते.

या कायद्याच्या सावलीत वाढलेली सर्वांत प्रसिद्ध मुलगी म्हणजे रखमाबाई. तिचे वडील जनार्दन पांडुरंग ती अगदी लहान असताना वारले; आई जयंतीबाईने पुढे मुंबईतील नामांकित डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला, आणि त्याआधी पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नावे करून दिली. अकराव्या वर्षी रखमाबाईचे लग्न दादाजी भिकाजीशी झाले. नांदायला जाण्यास तिने नकार दिल्यावर १८८४ मध्ये त्याने वैवाहिक हक्कांचा दावा लावला. १८८८ मध्ये पैशाच्या तडजोडीने मिटेपर्यंत हा खटला वर्तमानपत्रांत गाजत होता, आणि त्यात धर्म, संमती आणि शिक्षण यांच्याइतकीच चर्चा त्या मिळकतीची झाली. मुलीच्या नावावरची मालमत्ता तिचे रक्षण करू शकते आणि तिच्यावर डोळाही ओढवून घेते, हे या खटल्याइतके उघडपणे क्वचितच पुढे आले असेल. एरवी एकत्र कुटुंबातल्या मुलीच्या वाट्याला असा प्रश्नच येत नसे. बाप भावांपासून विभक्त नसेल आणि मागे फक्त विधवा व मुली असतील, तर त्याचा हिस्सा हयात भावांकडे जाई, आणि मुलींना उरे ते पोषण आणि लग्नाचा खर्च. ‘वारस मूल’ म्हणजे त्या काळी मुख्यतः मुलगा.

मुंबई शहरातील पारशांची कथा याहून निराळी. शहरावर सुप्रीम कोर्टाचा आणि त्याबरोबर इंग्रजी कायद्याचा अंमल होता, आणि इंग्रजी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता मेलेल्याची स्थावर मिळकत थोरल्या मुलाला एकट्याला मिळे. १८३० च्या दशकात एका पारशी थोरल्या मुलाने तसा हक्क सांगितल्यावर समाज हादरला, आणि पारशांच्या अर्जावरून १८३७ मध्ये त्यांची स्थावर मिळकत वारशापुरती जंगमासारखी मानण्याचा कायदा झाला. धाकटी मुले वाचली. पण या इंग्रजी वाटणीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळत असल्याने पुढाऱ्यांची नाराजी कायम राहिली. १८५५ पासून चाललेल्या खटपटीनंतर १८६५ मध्ये पारशी वारसा कायदा आला आणि त्यात मुलाचे चार, विधवेचे दोन आणि मुलीचा एक, असे प्रमाण ठरले. मृत्युपत्र नसले तर काय, या प्रश्नावर एका समाजाने स्वतः मसुदा करून कायदा मिळवल्याचे हे हिंदुस्थानातील फार लवकरचे उदाहरण होय.

मुंबई इलाख्यासाठी १८६४ मध्ये अज्ञानांचा स्वतंत्र कायदा झाला. अठरा वर्षांखालील व्यक्ती अज्ञान ठरली, आणि अशा मुलाच्या मिळकतीची व्यवस्था करणाऱ्याने दिवाणी न्यायालयाकडून दाखला घ्यावा, अशी योजना आली. मात्र न्यायालयांनी लवकरच असा अर्थ लावला की, एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याला हा कायदा लागू होत नाही, कारण तिथे मुलाची म्हणून वेगळी काढता येईल अशी मिळकतच नसते. म्हणजे ज्या घरांत चुलत्याच्या हाती सर्व होते, तीच घरे बाहेर राहिली. हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

याच सुमारास आणखी एक गोष्ट मुंबईच्या कायदेमंडळाच्या ध्यानी आली: दख्खनमधल्या अनेक मुलांना वारशाने जमिनीच्या आधी कर्ज मिळत होते. इलाख्यातील न्यायालये बापाचे आणि आजोबाचे देणे मुलाने फेडलेच पाहिजे, मग त्याला काही मिळालेले असो वा नसो, असे मानत. १८६६ च्या सातव्या मुंबई कायद्याने ही जबाबदारी वारशाने मिळालेल्या मिळकतीपुरती मर्यादित केली, आणि विधवेशी लग्न करणाऱ्याला तिच्या पहिल्या पतीच्या कर्जातूनही मोकळे केले. कागदावर ही मोठी सुटका होती. प्रत्यक्षात बापाच्या मरणानंतर सावकार मुलाकडून, तो जाणता होताच, जुन्या कर्जाचे नवे खत लिहून घेई. एकदा स्वतःच्या सहीचे किंवा अंगठ्याचे खत झाले की वारशाचा मुद्दाच संपे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा जळणाऱ्या कागदांत अशी वाडवडिलांपासून चालत आलेली देणी कमी नव्हती. १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीच्या कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ हिशेब उकलण्याचा अधिकार दिला, आणि त्याचा फायदा पोरक्या वारसांनाही झाला.

१८७५ मध्ये सज्ञानतेचे वय सर्व हिंदुस्थानासाठी अठरा ठरले. न्यायालयाने पालक नेमला असेल किंवा मिळकत कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल, तर एकवीस. पालकत्वाचा सर्वसाधारण कायदा मात्र १८९० मध्ये आला. ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट’ या नावाने वकिलांच्या तोंडी बसलेल्या या कायद्याने पालक नेमताना अज्ञानाचे हित हा निकष पुढे आणला, आणि पालकाच्या हातापायांत आगाऊ बेड्या घातल्या. न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय स्थावर मिळकत विकता, गहाण टाकता किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येईना. न्यायालयाने मागितल्यास त्याला जामीन द्यावा लागे, सहा महिन्यांत मिळकतीची आणि देण्याघेण्याची यादी दाखल करावी लागे, हिशेब द्यावे लागत. परवानगी गरजेसाठी किंवा उघड फायद्यासाठीच मिळे. गोरखपूरच्या प्रकरणातली कसोटी तीच राहिली; फरक एवढाच की आता ती व्यवहाराच्या आधी लागायची.

तरीही या कायद्याची पोच लहान होती. आई किंवा बाप नैसर्गिक पालक असल्याने त्यांना नेमणुकीसाठी न्यायालयात जाण्याची गरज नव्हती, आणि जिल्ह्याच्या गावी वकील देऊन अर्ज करण्याचा खर्च दोन-चार एकरांच्या वारसाला झेपणाराही नव्हता. खेड्यातल्या मुलाचा वारसा ठरत होता तो तलाठ्याच्या दप्तरात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली, आणि खातेदार मेल्यावर गाव नमुना ६ क, म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही, त्यानंतर फेरफार आणि मग सातबाऱ्यावर नाव, असा क्रम रूढ झाला. अज्ञान वारसाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहून आईचे किंवा चुलत्याचे नाव येई. अशा नोंदीत निदान मूल दिसत तरी असे. दुसरी नोंद ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिच्यात थोरल्या भावाचे किंवा चुलत्याचे एकच नाव चढे, आणि बाकीचे हिस्सेदार, त्यातली पोरकी मुले धरून, त्या तीन अक्षरांत गडप होत. पुढे एखाद्या फेरफारात ती अक्षरे गळली की एकट्याची मालकी उभी राही. महाराष्ट्रातल्या वाटणीच्या दाव्यांत या गळलेल्या अक्षरांचा वाटा मोठा आहे.

स्त्रियांच्या बाजूने मोठी भेग पाडली ती मुंबईचे डॉक्टर गोपाळराव विनायक देशमुख यांनी. मध्यवर्ती कायदेमंडळातील त्यांच्या विधेयकातून १९३७ चा हिंदू स्त्रियांच्या मिळकतीच्या हक्काचा कायदा निघाला, आणि एकत्र कुटुंबातल्या विधवेला पतीच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क मिळाला. मुलींना वाटा देण्याची मूळ कल्पना वाटेतच गळाली. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही असे फेडरल कोर्टाने पुढे ठरवल्याने त्याचा निम्मा अर्थ गेला, आणि प्रांतांना आपापले कायदे करून ती उणीव भरून काढावी लागली. पण पोरक्या मुलाच्या दृष्टीने बदल लहान नव्हता: चुलत्यासमोर हिस्सा मागू शकणारी आणि वाटणी घेऊ शकणारी एक प्रौढ व्यक्ती, त्याची आई, आता कायद्यात उभी होती.

या तुकड्या-तुकड्यांच्या दुरुस्त्यांतूनच हिंदू कायद्याच्या फेरविचारासाठीची बी. एन. राव समिती जन्मली. तिच्या १९४४ च्या फेररचनेत पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य आणि मिताक्षरेचे अनुवादक ज. र. घारपुरे हे एक सदस्य होते. समितीच्या मसुद्यावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिल पुढे नेले. ते अडवले गेल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. बिल पुढे खंडाखंडांनी संमत झाले, आणि वारसा कायद्याचा खंड लोकसभेत हरि विनायक पाटसकरांनी चालवला. १९५६ च्या जूनमध्ये आलेल्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्राशिवाय मेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखे बसवले आणि बापाच्या मृत्यूसमयी गर्भात असलेल्या मुलालाही, ते जिवंत जन्मले तर, वारस मानले. ऑगस्टमध्ये आलेल्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने १८९० च्या बेड्या नैसर्गिक पालकालाही घातल्या: आईबापांनाही आता मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीविना विकता येईना, आणि विकली तर ती विक्री मुलाला रद्द करून घेता येऊ लागली. वस्तुतः कारभार पाहणाऱ्या काका-मामांचा विकण्याचा अधिकार तर पूर्णपणे काढून घेतला गेला. हनुमानप्रसाद पांड्याच्या खटल्यापासून चालत आलेली ती सवलत शंभर वर्षांनी संपली.

एक दार मात्र उघडे राहिले. याच पालकत्व कायद्याच्या बाराव्या कलमाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील अविभक्त हिश्श्यासाठी, तिची व्यवस्था कुटुंबातील प्रौढ व्यक्तीकडे असताना, पालक नेमायचा नाही असे ठरवले. १८६४ चा अपवाद असा नव्या कायद्यात आला. कुटुंबाच्या कर्त्याने केलेल्या अशा हिश्श्याच्या विक्रीला आठव्या कलमाखालची न्यायालयाची परवानगी लागत नाही, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, आणि तिथे आजही १८५६ चीच कसोटी चालते. हा अपवाद राखण्यामागे एकत्र कुटुंबाचा कारभार अडू नये हा विचार असला, तरी सर्वांत जास्त जोखीम जिथे होती तिथेच कायदा सर्वांत उशिरा येतो, हे नाकारता येत नाही.

गोव्यात हा प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला गेला होता. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे बापाला मृत्युपत्र करूनही निम्म्याहून अधिक मिळकत मुलांपासून तोडता येत नसे, आणि वारसांत अज्ञान मूल असेल तर न्यायालयापुढे मिळकतीची मोजदाद करणे सक्तीचे होते. तीत नातेवाइकांची कुटुंब-सभाही असे. या कार्यवाहीला गोव्यात इन्व्हेंटरी म्हणतात. १९६१ नंतरही संहिता चालू राहिली आणि तिच्यातील वारसाविषयक भागाची जागा २०१२ साली संमत झालेल्या राज्याच्या कायद्याने २०१६ मध्ये घेतली. तेरेखोल नदीच्या दक्षिणेला, गोव्यात, मूल मोठे होण्याआधीच त्याची मिळकत कागदावर मोजली जात होती, आणि उत्तरेला कोणी तक्रार केल्याशिवाय न्यायालय आत येत नव्हते. संथ आणि खर्चिक असली तरी पहिली पद्धत पोरक्या मुलाला अधिक उपयोगाची, असे म्हणायला जागा आहे.

१९५६ नंतरच्या दुरुस्त्यांनी मुख्यतः मुलींचे आणि आईचे स्थान बदलले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना जन्मतः हिस्सेदार केले, केंद्राने २००५ मध्ये सर्व मुलींना. बापाचे कर्ज फेडण्याचे धार्मिक बंधनही त्याच दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते उठले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाप हयात असला तरी तो मुलाची जबाबदारी घेत नसेल तर आई नैसर्गिक पालक ठरते, असा अर्थ लावला, आणि त्याच वर्षी सज्ञानतेचे एकवीस वर्षांचे निराळे वयही रद्द झाले. परवानगीविना झालेली विक्री रद्द करण्याची मुदत मात्र जुनीच आहे: मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे. अठराव्या वर्षी ज्याला सातबारा कसा वाचतात हे ठाऊक नसते आणि जमीन कधी विकली गेली हे कोणी सांगत नाही, त्याची दाद एकविसाव्या वर्षी मुदतीच्या कायद्यात अडकते.